हस्साजीमामांची बेगम

इंजिनाची शिट्टी दुसऱ्यांदा ऐकू आली तेव्हा हस्साजीमामा गाडीतून खाली उतरले. डोक्यावरची टोपी सरळ केली, कोटाचं वरचं बटण लावलं, गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आले, दार उघडलं आणि कमरेत वाकून माझ्या जावेला म्हणाले, "मॅडम, इथं उतरावं लागेल."

गाडी रेल्वेच्या रुळांवर उभी होती. पुढची चाकं रुळांच्या पलीकडे, मागची अलीकडे, आणि मधे, बरोबर जिथून आगगाडी जाणार तिथं, मागच्या सीटवर आम्ही दोघी. माझी धाकटी जाऊ रिबका, दिवस भरत आलेली, कळा देत आडवी पडलेली, आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. लांबवर संत्र्यांच्या बागांच्या वर काळा धूर दिसत होता आणि तो जागा बदलत होता.

रिबकाने मामांकडे पाहिलं आणि एक शिवी दिली. तिला अशी शिवी येते हे मला माहीत नव्हतं.

मामा म्हणाले, "मलबार हिलवर असं बोलत नाहीत."

गाडी बंद का पडली ते त्या घटकेला मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं. ते पुढं येईल. आधी माणूस सांगते. माणूस कळला नाही तर त्याने नंतर काय केलं ते नुसतं ऐकून काही उपयोग नाही.

हस्साजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. कोणाचेच नव्हेत. रामल्याच्या माबाऱ्यात, म्हणजे यहुद्यांच्या नव्या देशात बाहेरून आलेल्या लोकांना सरकारने जिथं तंबूंत आणि पत्र्याच्या खोल्यांत ठेवलं होतं तिथं, आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटे राहत. मूळचे आमच्यासारखेच कोकणातले, तेलाचा घाणा चालवणाऱ्यांच्या घरातले. लहान वयात मुंबईला गेले आणि तीस वर्षं मलबार हिलवर एका पारशीणबाईंची गाडी चालवली. बाई वारल्या, भाच्याने गाडी विकली, आणि मामा आपले दोन डगले, ड्रायव्हरची टोपी, एक चावीचा ग्रामोफोन आणि चाळीस रेकॉर्डी घेऊन बोटीने इकडे आले. पोचले तेव्हा तीन रेकॉर्डी धड होत्या. त्यातल्या एकीला चीर होती. गाणारी बाई दुसऱ्या ओळीत अडकायची आणि कोणी सुईला बोट लावेपर्यंत तोच शब्द म्हणत राहायची. मामांना ती रेकॉर्ड सगळ्यात आवडायची. म्हणायचे, "बाईंना मुक्कामाची घाई नाही."

आधी त्यांना हैफाला बंदरात ओझी उचलायचं काम मिळालं. तिथं एका भंगारवाल्याच्या वाड्यात त्यांना ही गाडी दिसली. इंग्रज हा मुलूख सोडून गेले तेव्हा त्यांच्यातला कोणी मोठा जज्ज ती टाकून गेला होता. लांबलचक काळी गाडी, बॉनेटवर पंख पसरलेली चांदीची बाई, आत लाल चामड्याच्या सीटा, ड्रायव्हर आणि मागचे लोक यांच्या मधे काच, आणि त्या काचेतून बोलायला पितळेची नळी. मागच्या सीटवर अकरा कोंबड्या बसल्या होत्या. अंडी तेव्हा रेशनवर होती, त्यामुळे भंगारवाल्याला गाडीचं काही नव्हतं, कोंबड्यांची जागा जाईल ही काळजी होती. मामांनी कोंबड्यांना नवं खुराडं बांधून दिलं, वर वर्षभर त्याचे ट्रक दुरुस्त केले, आणि गाडी सोडवली. कोंबड्यांची घाण काढायला एक महिना गेला. हे ते स्वतः कधी सांगत नसत. सांगत ते इतकंच की बेगम हैफाला विश्रांती घेत होती.

बेगम हे नाव त्यांनीच ठेवलं. इंग्रजाची गाडी, मुसलमानी नाव, यहुदी मालक. आमच्या माबाऱ्यात कोणाला यात वावगं वाटलं नाही. तिथं सगळंच तसं होतं.

बेगम रामल्यात पहिल्यांदा शिरली तो दिवस आमच्या लोकांपैकी कोणी विसरलं नाही. आम्ही पावासाठी रांगेत उभे होतो. गाडी फाटकातून आत आली, चिखलातून, पण अशी की चिखल जणू तिच्यासाठीच अंथरलाय. सगळ्यांना वाटलं मंत्री आला. कचेरीतला मुख्य माणूस पळत बाहेर आला आणि पळता पळता केस विंचरत होता. गाडी थांबली. मामा उतरले, मागचं दार उघडलं, टोपी काखेत घेऊन उभे राहिले. सगळी रांग वाकून बघायला लागली. आतून कोणी उतरलं नाही. आत सीटवर ग्रामोफोन होता. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, दार हलकेच लावलं, आणि कचेरीतल्या माणसाला विचारलं, माझी खोली कुठली.

हेच त्यांचं वेड. गाडीचे मालक ते स्वतः, पण मागच्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. दर रविवारी संध्याकाळी टोपी घालून एकटे स्टेशनपर्यंत जात आणि परत येत. मागं ग्रामोफोन वाजत असे. परत आल्यावर उतरत, मागचं दार उघडत, उभे राहत, मग दार लावत. लोक हसायचे. मी एकदा सरळ विचारलं, कोणासाठी उघडता? म्हणाले, "सवय आहे, मिलका. दार उघडून दिलं नाही तर पोचलो असं वाटत नाही." मी पुढं विचारलं नाही. मला दुसऱ्याच्या मनात हात घालायची आवड नाही.

मलबार हिलवर काय करतात आणि काय करत नाहीत हे आम्ही त्यांच्याकडून रोज ऐकत असू. मलबार हिलवर दार आपटत नाहीत. काचेला बोट लावत नाहीत. भोंगा दोनदा वाजवत नाहीत. एकदा माझ्या सासूबाईंनी वाळत घालायची गोधडी बेगमच्या बॉनेटवर टाकली. मामांनी गोधडी उचलली, घडी केली, दोन्ही हातांवर घेऊन आमच्या दाराशी आले आणि म्हणाले, "आई, बेगमला गरम होतंय." सासूबाई कोणाच्या बापाला भीत नसत. पण त्यानंतर गोधडी तारेवरच गेली.

पेट्रोल घालण्याचासुद्धा विधी. नरसाळ्यात हरणाच्या कातड्यासारखा मऊ चामड्याचा तुकडा अंथरायचा आणि त्यातून पेट्रोल गाळून टाकीत सोडायचं. त्या चामड्यातून पेट्रोल उतरतं, पाणी उतरत नाही, वर राहतं. एक डबा ओतायला अर्धा तास लागे. आणि सेल्फ, म्हणजे गाडी सुरू करायचं बटण, ते एकदाच दाबायचं. माबाऱ्यातल्या एका पोराने बंद ट्रक गिअरमध्ये टाकून नुसत्या सेल्फवर दोन हात पुढं सरकवला, तर मामांनी त्याला उन्हात उभं करून ऐकवलं. त्याला मराठी येत नव्हतं, मामांना हिब्रू धड येत नव्हतं, पण पोरगं शेवटी माफी मागून गेलं. मामांचं म्हणणं, सेल्फ गाडीला उठवायला असतो, ओढायला नाही. तसं केलं की सेल्फचे दात तुटतात, जीव जातो.

आणि एक वाक्य ते येताजाता म्हणायचे, कोणी विचारो न विचारो. "बेगम रस्त्यात थांबणार नाही. थांबली तर चूक माणसाची असेल, तिची नसेल."

तुम्हाला वाटेल, एका म्हाताऱ्याच्या भंगार गाडीचं एवढं काय. तर ऐका. त्या दिवसांत इतर देशांतून आलेले लोक आम्हाला येताजाता विचारत, हिंदुस्थानात घरं असतात का, चमच्याने खाता का. आमच्या समोरच्या खोलीत हाईम नावाचा रुमानियाचा घड्याळजी राहायचा. माणूस वाईट नव्हता, पण जीभ लांब. तो मला रोज विचारी, तुम्ही हत्तीवरून आलात की चालत. बेगम आली आणि त्याने विचारणं बंद केलं. आमच्यात नवरा मुलगा घोड्यावर बसून लग्नाला जायचा. इथं घोडा कुठला? बेगम आली, तेव्हापासून आमची प्रत्येक नवरी मोगऱ्याच्या जाळीत तोंड झाकून बेगममध्ये बसून गेली. सीटवर पांढरी चादर, पुढं टोपीवाले मामा, मागं रेकॉर्ड. मामांनी कधी काही घेतलं नाही. रस्त्यावर पोलीस सलाम ठोकायचे. ती गाडी एकट्या मामांची नव्हती. आम्हा सगळ्यांचं नाक होती ती.

फक्त हाईम म्हणायचा, एक दिवस तुमची राणी रस्त्यात बसेल, तेव्हा मी टाळ्या वाजवीन.

आता डब्यांचं सांगायला हवं.

टंचाईचे दिवस. बाटली मिळत नव्हती, बरणी मिळत नव्हती. मामांनी तेलाचे दोन चौकोनी डबे मिळवले, घासले, दोघांना सारख्या मुठी डाखल्या, तोंडाला सारखी झाकणं केली. एक स्वतःला पेट्रोलसाठी ठेवला. दुसरा मला दिला, शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळी लागणाऱ्या आमच्या विसाव्याच्या दिवसाच्या, शरबतासाठी. आमच्यात शुक्रवारी संध्याकाळी दारू नाही, काळ्या मनुकांचं शरबत लागतं. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, आणि त्या शरबतावर घरच्या वडीलधाऱ्याने आशीर्वाद म्हणायचा. मनुका मुंबईहून माझ्या भावाच्या पार्सलमधून यायच्या. मी दर शुक्रवारी पेलाभर शरबत मामांना द्यायची. त्यांना घरात करणारं कोणी नव्हतं.

त्या शुक्रवारी वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. खोलीचा पत्रा तापून हात लावू देत नव्हता. शरबत आंबेल म्हणून मी गाळून डबा भरला आणि बेगमच्या छपराखाली नेऊन ठेवला. सावली म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती. शेजारी मामांचा डबा. मी बघितलं, दोन डबे आहेत, डावीकडचा माझा. एवढं लक्षात ठेवलं आणि आत गेले.

दुपारी तीनला रिबकाला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, आणि तारखेला अजून दोन आठवडे होते. आम्हा दोघींचे नवरे कामावर. शब्बाथ येणार म्हणून दुपारीच दवाखान्याला कुलूप, कचेरीला कुलूप, म्हणजे फोनही बंद. सासूबाईंनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, आडवं दिसतंय, इस्पितळात न्या. मी मामांच्या दारावर हात मारला. ते टोपी घालूनच बाहेर आले. मला वाटतं त्यांनी भिंतीतून ऐकलं होतं. म्हणाले, "टाकीत कमी आहे. मिलका, डबा ओत. मी मॅडमला आणतो."

कोणाला तरी मॅडम म्हणायची संधी त्यांना किती वर्षांनी मिळाली होती कोण जाणे.

मी छपराखाली धावले. नरसाळं लावलं. चामडं खुंटीवर होतं. ते घेतलं नाही. आत रिबका ओरडत होती, अर्धा तास कोणाकडे होता? डबा उचलला, भडाभडा ओतला, रिकामा डबा फेकला आणि गाडीत बसले. डावीकडचा माझा हे मला ठाऊक होतं. पण मी या वेळी छपराच्या दुसऱ्या तोंडाने आत गेले होते.

सासूबाई गाडीत बसल्या असत्या तर रिबकाला आडवं होता आलं नसतं, म्हणून त्या मागं राहिल्या. चादर अंथरायलाही वेळ झाला नाही. बेगम फाटकातून निघाली ती वाऱ्यासारखी. मैलभर ठीक होतं. मग एकदा खोकली. बागांमधली कच्ची वाट जिथं रूळ ओलांडते, तिथं फाटक नाही, माणूस नाही. तिथं ती दुसऱ्यांदा खोकली आणि थांबली.

रिबका उतरू शकत नव्हती. मी बघितलं होतं, डोकं दिसत होतं. मामांना तसं सांगितलं. त्यांनी मान फिरवली, टोपी काढून खिडकीतून माझ्या हातात दिली. मग गाडीला पाठ लावून ढकलून बघितली. मीही उतरून लावली. ते धूड दोघांनी हलणारं नव्हतं. धूर बागांच्या या बाजूला आला होता. शिट्टी आता थांबत नव्हती. ड्रायव्हरने आम्हाला बघितलं असणार, पण आगगाडी काही जागच्या जागी थांबत नाही.

मामा म्हणाले, "आत बस. रेकॉर्ड लाव."

मी म्हटलं, मामा, डोकं फिरलंय का?

"मॅडमना गाडीचा आवाज ऐकू यायला नको. लाव."

मी पायाशी असलेल्या ग्रामोफोनची चावी फिरवली. चिरेची रेकॉर्ड होती. ते पुढं बसले. नळीतून त्यांचा आवाज आला, अगदी हळू, बाईंना घरी नेताना बोलत असतील तसा. "मॅडम, दमानं. थोडे धक्के बसतील. माफी असावी."

त्यांनी बेगमला पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सेल्फ दाबला.

ज्याच्यासाठी त्या पोराला उन्हात उभं केलं होतं तेच. बेगम किंचाळली. मी गाडीला किंचाळताना कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. हातभर पुढं आली. पुन्हा दाबला, पुन्हा हातभर. पोटातून दात मोडल्यासारखा आवाज येत होता. रेकॉर्डवरची बाई दुसऱ्या ओळीत अडकली होती, रिबका तिच्यावर ओरडत होती, मी रिबकावर ओरडत होते, आणि मामा प्रत्येक धक्क्याला नळीतून माफी मागत होते. किती धक्के झाले ते मी मोजले नाहीत. शेवटच्या धक्क्याला मागची चाकं रुळावरून धप्पकन खाली आली आणि पाठीमागून आगगाडी गेली. सगळ्या काचांवर वाफ आली. रेकॉर्डची सुई उडून पडली.

आगगाडीचे डबे जात असतानाच रिबकाची मुलगी लाल चामड्यावर आली. आडवी नव्हती. सासूबाईंचा हात चुकला होता. बारीक होती, पण रडली. नाळेला गाठ मी माझ्या पदराच्या चिंधीने मारली.

मामांनी इतका वेळ मागं वळून बघितलं नव्हतं. नळीतून विचारलं, "मिलका, किती जण?"

मी म्हटलं, मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत.

मग ते उतरले, टोपी मागून घेतली, घातली, आणि मागचं दार उघडून उभे राहिले.

संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यांचा एक ट्रक आला, त्याने आम्हाला इस्पितळात पोचवलं. त्याच ट्रकने येताना बेगमला दोर बांधला. शब्बाथ लागायला तासभर असेल, सगळा माबारा अंघोळी करून बाहेर बसलेला, आणि बेगम फाटकातून दोराने ओढत आत आली. मामा आत बसून चाक धरून समोर बघत होते. मी ट्रकमध्ये होते. हाईम उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. आमच्या माना खाली होत्या. मूल झालं का हे विचारायला पुढं यायचंही कोणाला सुचलं नाही.

घरी सासूबाईंनी दिवे लावले होते, पाव झाकून ठेवला होता, आणि छपराखालचा भरलेला डबा आणून दिव्यांशेजारी ठेवला होता. सासरे टोपी घालून बसले होते. नात झाली म्हणून सगळे खुशीत. मी पेला भरायला डबा तिरपा केला आणि नाकात वास गेला.

पेट्रोल. पेटत्या दिव्यांपासून वीतभर अंतरावर.

म्हणजे दुपारी मी टाकीत काय ओतलं ते मला उभ्या उभ्या कळलं.

मी म्हटलं, मुंग्या पडल्यात. डबा उचलून बाहेर गेले, छपराखाली जागेवर ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. सासऱ्यांनी नुसत्या पावावर आशीर्वाद म्हटला. मनुका वाया घालवल्या म्हणून सासूबाईंनी जेवणभर ऐकवलं. मी ऐकत होते, पण ते काही ऐकू येत नव्हतं.

कारण माझं लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. रिबका दीड वर्षापूर्वी घरात आली होती. ती बसणार होती त्या गाडीत मी शरबत ओतलं, आणि ती गाडी रुळांवर बंद पडली. हे कळलं तर लोक काय म्हणणार? चूक म्हणणार नव्हते. जावेचं पोटातलं मूल बघवलं नाही म्हणणार होते. सासूबाईंनी मला दारात उभं केलं नसतं. नवरा भला होता, पण आईपुढं त्याचं चालत नसे.

शनिवारी गाडीला हात लावायचा नाही, ग्रामोफोन लावायचा नाही. एरवी मामा शनिवारी बेगममध्ये पुढच्या सीटवर बसून स्वतः गात. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं त्याचं कीर्तन त्यांना पाठ होतं. त्या शनिवारी ते बसले, पण गायले नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं. हाईम स्टूल घेऊनच आला. आमचे दहा-बारा पुरुष, बायका, सासूबाई, सगळे भोवती. मीही उभी राहिले. घरात थांबले असते तर जास्त दिसलं असतं.

मामांनी आधी दोन्ही डबे पाहिले. एक रिकामा, एक काठोकाठ. मग खुंटीवरचं चामडं बोटांनी चाचपलं. कोरडं. मग इंजिनाजवळची काचेची वाटी सोडवली. तिथं पेट्रोलमधला गाळ जमतो. वाटी उजेडात धरली. आत तपकिरी पाणी होतं. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

दर शुक्रवारी पेलाभर पीत होते ते. चव न ओळखायला काय झालं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. वाटी जमिनीवर ओतली, पायाने माती सारली, आणि वाटी रुमालाने पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. हाईमने विचारलं, काय झालं राणीला? आमचे लोकही बघत होते. सगळ्यांना त्यांचं वाक्य पाठ होतं. चूक माणसाची असेल, तिची नसेल. आता ते माणूस सांगतील आणि आमच्या माना वर होतील, याची वाट बघत होते सगळे.

मामा म्हणाले, "वय झालं तिचं. पंप दमला."

कोणीतरी म्हणालं, मामा, नीट बघा. ते म्हणाले, "नीट बघितलं. गाडी म्हातारी आहे. माणसाची काही चूक नाही."

हाईम हसला, स्टूल उचलून गेला. जाताना म्हणाला, यात आता कोंबड्या ठेव. मामा म्हणाले, "बघू." कोंबड्यांचं त्याला ठाऊक नव्हतं. मामांना होतं.

टाकी उपसायला, सेल्फचे दात घासायला त्यांना चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आमच्यातल्या दोन नवऱ्या भाड्याच्या ट्रकमधून गेल्या. माबाऱ्यात कोणीही यावं आणि बेगमचा पंप कसा आहे विचारावं. मामा प्रत्येकाला तेच सांगत, वय झालं. मी तोंड उघडलं नाही. दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. भ्याले, दुसरं काही नाही.

पुढल्या शुक्रवारी मी त्यांचं शरबत डब्यातून नेलं नाही, पेल्यात नेलं. त्यांनी पेला घेतला, आत बघितलं, आणि म्हणाले, "मिलका, ह्या वेळी मला आहे ना? बेगमचं पोट अजून भरलंय."

एवढंच. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

बेगम पुन्हा चालू लागली. आमच्या आणखी पुष्कळ नवऱ्या तिने पोचवल्या. सीटवरचा डाग निघाला नाही. मामांनी तो काढायचा प्रयत्नही फारसा केला नाही. कोणी विचारलं तर सांगत, ही छोट्या मॅडमची जागा आहे. रिबकाची मुलगी तीन वर्षांची झाल्यावर दर रविवारी ग्रामोफोन मांडीवर धरून मागं बसायची. स्टेशनपर्यंत जायची, परत यायची. मामा उतरून दार उघडत आणि ती उतरायची. बाईसारखी नाही, उडी मारून, आणि दार आपटून पळायची. मामा तिला मलबार हिलचं काही सांगत नसत.

आता मामा नाहीत, सासूबाई नाहीत, हाईमही नाही. बेगम कोणाच्या तरी वाड्यात असेल किंवा वितळून तिचे खिळे झाले असतील. म्हणून लिहिते. पंप चांगला होता. डबा मी ओतला होता.

त्या शुक्रवारी रुळांवर बेगममध्ये आम्ही होतो ते असे: रिबका, रिबकाची मुलगी, हस्साजीमामा आणि मी. चौघंही जगलो.